दरवाजा जिंकला, किल्ला नाही

आदरणीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, रात्रीच्या एसटीने प्रवास करून सकाळीच खुर्च्या पकडून बसलेले पाहुणे आणि आमचे सातारकर, अद्भुतरम्य साहित्याच्या या संमेलनात तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी आणि जेवणाची वेळ सांगावी, यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते. जेवण एक वाजता आहे. थोरवीसाठी बाहेर मान वर करून अजिंक्यतारा पाहिलात तरी पुरे. १७०० साली औरंगजेबाने कित्येक महिने वेढा घालून तो घेतला, आपल्या मुलाच्या नावावरून त्याचं आझमतारा केलं, आणि थोड्याच वर्षांत मराठ्यांनी तो परत मिळवला. भांडणातला किल्ला कसा असतो हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून कल्पित जगातले दुर्ग हा विषय ठरला तेव्हा मी टोल्किनचा खझाद-डूम मागून घेतला. तुम्ही त्याला मोरिआ म्हणून ओळखता.

बहुतेकांनी मोरिआ पाहिला तो काळोखातला, ढोलांच्या आवाजातला, अरुंद पुलावर गँडाल्फ काठी रोवून उभा असलेला. त्या पुलावर दुपारच्या सत्रात भरपूर बोललं जाईल. मला बोलायचंय ते त्या कादंबरीच्या १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाच्या शेवटी बारीक टाइपात छापलेल्या परिशिष्टांबद्दल. परिशिष्टं न वाचताच पुस्तक मिटणारे वाचकही इथे असणार. त्यांचंही स्वागत.

धुक्याच्या पर्वतरांगेत तीन शिखरांखाली, एका तळ्याकाठी, पहिल्या ड्युरिनने ही जागा हेरली. तळ्यात वाकून पाहिलं तर स्वतःच्या डोक्यावर ताऱ्यांचा मुकुट दिसला, अशी त्या ड्वार्फ घराण्याची मूळकथा. तीन शिखरांपैकी सेलेब्दिलचं मूळ मात्र पृथ्वीवर सापडतं. १९११ साली, एकोणीस वर्षांचा असताना, टोल्किन स्वित्झर्लंडमध्ये पायी हिंडला होता. तिथलं सिल्बरहॉर्न म्हणजेच आपलं ते शिखर, असं त्याने पुढे मुलाला लिहिलं.

किल्ल्याची भरभराट मिथ्रिलवर झाली. चांदीसारखा पण पोलादाहून कणखर असा हा धातू तिथेच निघायचा. शेजारी एरेगिऑनमध्ये एल्फ कारागीर होते. मग पश्चिमेचा दरवाजा नार्वी या ड्वार्फने घडवला आणि त्यावरची अक्षरं केलेब्रिम्बोर या एल्फने कोरली. एल्फ आणि ड्वार्फ यांचं एरवी फारसं पटलं नाही, त्यामुळे हा दरवाजा मला पुलापेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्या युगाच्या १६९७व्या वर्षी अंधाराधिपती सॉरॉनने एरेगिऑन धुळीला मिळवलं. ड्वार्फांनी दारं लावून घेतली, आणि सॉरॉनला आत शिरता आलं नाही.

हा किल्ला वेढ्याने पडलाच नाही. तो पोखरला गेला तो घरच्याच कुदळीने. मिथ्रिलच्या शिरेमागे खाली खाली खणत जाताना तिसऱ्या युगाच्या १९८०व्या वर्षी बॅलरॉग नावाचा प्राचीन राक्षस जागा झाला. सहावा ड्युरिन मेला, पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा नाइन मेला, आणि उरलेले पळाले. सुमारे पाचशे वर्षांनी सॉरॉनने तिथे ऑर्क आणून वसवले. म्हणजे मालक बाहेर, भाडेकरू आत, आणि तळघरात कोण आहे ते दोघांनाही ठाऊक!

आता २७९० सालचा प्रसंग. एरेबोर हे त्यांचं नंतरचं राज्यही ड्रॅगनने बळकावल्यामुळे दरिद्री झालेला म्हातारा थ्रोर राजा नार नावाच्या एकाच सोबत्याला घेऊन मोरिआच्या पूर्व दरवाजाशी आला. नारने विनवूनही न ऐकता तो एकटाच ताठ मानेने आत गेला. काही दिवसांनी त्याचं प्रेत पायऱ्यांवर फेकलं गेलं, शीर धडावेगळं. कपाळावर अझोग या ऑर्क सरदाराचं नाव डागलेलं. निरोप्याची मजुरी म्हणून नारच्या अंगावर चार फुटकळ नाण्यांची थैली भिरकावली. त्या थैलीपायी सगळी ड्वार्फ कुळं एक झाली आणि २७९३ ते २७९९ युद्ध पेटलं.

शेवटची लढाई त्याच दरवाजासमोर झाली. ड्युरिनच्याच वंशातला डाइन तेव्हा बत्तीस वर्षांचा, म्हणजे ड्वार्फांच्या हिशेबात मिसरूड फुटलेला पोर. त्याने उंबरठ्यावरच अझोगला मारलं. मग अझोगच्या तोंडात ती थैली कोंबली गेली, आणि त्याचं डोकं खांबावर चढलं. थ्रोरचा मुलगा थ्राइन एका डोळ्याने आंधळा आणि पायाने लंगडा झाला होता, तरी म्हणाला, आता किल्ला आपला. ज्यांनी अर्धी माणसं गमावली होती ते सूड घेऊन निघायच्या तयारीत होते. आणि डाइन? तो पायऱ्या उतरला तो भीतीने पांढराफटक पडून. त्याने दरवाजातून आत पाहिलं होतं. त्याने सांगितलं, तुमच्यासाठी रक्त सांडलं, पण आत पाऊल टाकणार नाही. आमच्याहून वेगळं काही बळ आल्याशिवाय ड्युरिनचे वंशज इथे नांदणार नाहीत. मेलेल्यांसाठी दगडी थडगी खोदायला सवड नव्हती. त्यांनी खोऱ्यातली झाडं तोडून चिता पेटवल्या आणि वाटा धरल्या.

जिंकलेल्या दारातून मागे फिरणारा असा सेनानी युद्धकथांत मला फारसा भेटलेला नाही. टोल्किनवर बेतलेल्या २०१२च्या चित्रपटात अझोग त्या लढाईतून जिवंत सुटतो आणि डाइनचा नकार गायब होतो. पडद्याला हातघाई हवी असते हे मान्य, पण या किल्ल्याच्या इतिहासातला कणाच तिथे काढून टाकलाय असं माझं मत आहे.

डाइन बरोबर होता याचा पुरावा बालिन या ड्वार्फने दिला. २९८९ साली तो डाइनची नाखुशी पत्करून थोडी माणसं घेऊन आत शिरला. पाच वर्षांनी तो ड्युरिनचं तळं पाहायला एकटा गेला असता ऑर्कच्या बाणाने मेला. मग पूर्वेला शत्रू, पश्चिमेच्या दाराशी तुंबलेल्या पाण्यातला राक्षस. बालिनचा सोबती ओइन याला त्या पाण्याने गिळलं. दुसरा सोबती ओरी दफ्तरखान्यात बसून अखेरपर्यंत नोंदी करत राहिला. ३०१९ साली गँडाल्फला ते बाड सापडलं. ते वेगळं बळ तोच घेऊन आला होता.

बॅलरॉग त्याच वर्षी मेला. डाइनही त्याच वर्षी मेला: अडीचशे वर्षांचा म्हातारा, कुऱ्हाड हातात, एरेबोरच्या दरवाजात, मित्रराजाच्या प्रेतापाशी पाय रोवून. मोरिआत तो कधीच गेला नाही.

ओरीच्या बाडाची तीन पानं टोल्किनने स्वतः तयार केली होती. कडा जाळल्या, शिवणीची भोकं पाडली, रक्ताचे डाग रंगवले. रंगीत छपाई परवडेना म्हणून १९५४ साली प्रकाशकाने ती वगळली आणि लेखक खट्टू झाला. पुढे पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत ती छापली गेली. त्यांच्या प्रती शेजारच्या दालनात मांडल्या आहेत. चहाचे कप कृपया बाहेरच ठेवा. डाग आधीच पुरेसे आहेत. संमेलनाध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.