घोडा आणि स्वार : माप कसे जुळवावे?

बैलजोडी जुळवायची म्हटली की आपण किती बारकाईने बघतो! एक बैल उंच आणि दुसरा बुटका असेल तर जू एका अंगाला झुकतं, सगळा भार बुटक्याच्या मानेवर येतो आणि चार दिवसांत मान सुजते. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण घोड्याच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, "घोडा आहे, नेईल की!" मग त्याच्या पाठीवर कोणीही बसतं. आज बोलायचं ते याच गोष्टीवर. कुठल्या घोड्यावर किती वजनाचा, किती उंचीचा माणूस बसवावा, आणि ते घरच्या घरी कसं ताडावं?

आपल्या वसई-विरार भागात घोडा आता शेतीकामाला राहिलेला नाही. तो दिसतो लग्नाच्या वरातीत, नाहीतर राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारताना. भात, केळी, भाजीपाला यांच्या जोडीला कुणी एखादी घोडी पाळतो आणि लग्नसराईत चार पैसे मिळवतो. धंदा चांगला आहे. पण या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे त्या जनावराची पाठ. ती एकदा लागली की ऐन हंगामात जनावर दावणीला उभं राहतं, आणि चंदी तर रोज घालावीच लागते.

पाठ म्हणजे पूल

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ओढणं वेगळं आणि पाठीवर झेलणं वेगळं. टांग्याचं ओझं चाकांवर असतं, घोड्याला ते फक्त पुढे न्यायचं असतं. पाठीवरचं ओझं मात्र क्षणभरसुद्धा कमी होत नाही. घोड्याचा कणा हा पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत टाकलेल्या साकवासारखा आहे. स्वार बसतो तो नेमका मधल्या भागावर, जिथे खालून खांबाचा आधार नाही. म्हणून आखूड आणि रुंद पाठीचं जनावर जास्त वजन पेलतं. पाठ लांब, अरुंद किंवा मध्ये खोलगट असेल तर तेच वजन त्याला जड जातं. घोडा नुसता उंच आहे म्हणून ताकदवान, असं समजू नका.

घोड्याचं वजन सुतळीने काढा

घोड्याला काट्यावर चढवायची गरज नाही. एक सुतळी किंवा शिंप्याचा टेप घ्या. जनावर सपाट जमिनीवर, चारही पायांवर सरळ उभं करा. आयाळ संपते तिथे मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्याच्या लगेच मागून आणि पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या. घोड्याने श्वास सोडला की माप वाचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत अंगाची लांबी मोजा. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये असू द्या.

आता हिशेब. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा, आणि ११,८८० ने भागा. उत्तर येईल ते घोड्याचं अंदाजी वजन, किलोत. घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत करून देईल. हे सूत्र पुऱ्या वाढीच्या जनावरासाठी आहे, शिंगरासाठी नाही. गाभण घोडीचंही वजन याने बरोबर येत नाही.

या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे शेकडा २०, ही पाठीवरच्या एकूण भाराची मर्यादा धरा. सोयीसाठी तयार आकडे देतो :

घेर १४०, लांबी १२५ : वजन सुमारे २०६ किलो, भार ४१ किलो.
घेर १५०, लांबी १३५ : वजन सुमारे २५६ किलो, भार ५१ किलो.
घेर १६०, लांबी १४५ : वजन सुमारे ३१२ किलो, भार ६२ किलो.
घेर १७०, लांबी १५५ : वजन सुमारे ३७७ किलो, भार ७५ किलो.

हा भार म्हणजे नुसता माणूस नव्हे, बरं का! खोगीर, रिकिबी, झूल, घुंगरांचे पट्टे, नवरदेवाचा पोशाख, सगळं त्यात आलं. भाजी तोलायच्या काट्यावर एकदा आपलं सामान घालून बघा. वरातीचं नटवलेलं खोगीर झुलीसकट किती भरतं हे पाहून पुष्कळांना नवल वाटेल.

पाचवाच हिस्सा का?

हा आकडा कुणाच्या लहरीने ठरलेला नाही. घोडदळात आणि घोडेवाल्यांत तो जुन्या काळापासून मानला जातो. २००८ साली अमेरिकेतील ओहायो इथल्या संशोधकांनी आठ घोड्यांवर त्याची परीक्षा घेतली. प्रत्येक घोड्यावर त्याच्या वजनाच्या शेकडा १५, २०, २५ आणि ३० असा भार आळीपाळीने ठेवून त्याला चालवलं. शेकडा २० पर्यंत फारसा त्रास दिसला नाही. २५ च्या पुढे मात्र पाठीचे स्नायू आखडले, दुखू लागले आणि ३० ला तर त्रास स्पष्ट दिसला.

आता आपल्या वरातीचा हिशेब मांडू. घोडी ३१२ किलोची. नवरदेव ७२ किलोचा. फेटा आणि पोशाख ३ किलो, खोगीर आणि साज १० किलो. झाले ८५ किलो, म्हणजे घोडीच्या वजनाच्या शेकडा २७. त्यात हौसेने पुढ्यात २५ किलोचा करवला बसवला की ११० किलो, शेकडा ३५ झाले! वर बँडबाजा आणि फटाके. घोडी पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही, नाच संपेपर्यंत एका जागी उभी. पुष्कळांना वाटतं की चालत नाही म्हणजे आराम. तसं नाही. उभ्या घोड्याच्या पाठीवर त्याच जागी सतत दाब राहतो, तिथलं रक्त फिरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाठी आलेल्या दिसतात. नाच लांबला तर नवरदेवाला खाली उतरवा, मंडप जवळ आला की पुन्हा बसवा. फोटो तितकाच चांगला येतो. नवरदेव वजनदार असेल तर आधीच सांगा, "दादा, बग्गी घ्या." गिऱ्हाईक नाराज होत नाही. घोडी बसली किंवा उधळली तर मात्र दोन्ही घरची मंडळी नाराज होतात, आणि माणूस जायबंदी होतो तो वेगळाच.

उंचीचा मेळ

वजन जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. स्वार बसल्यावर बाजूला उभे राहून पाहा. त्याची टाच घोड्याच्या पोटाच्या रेषेच्या आसपास यावी. पाय पोटाच्या फार खाली लोंबत असतील तर माणूस त्या तट्टाला उंच आहे. त्याचा तोल वर राहतो, आणि तो हलला की तट्टू डगमगतं. उलट लहान मुलाला थोराड घोड्यावर बसवलं तर त्याचे पाय अंगाला धड टेकत नाहीत, रिकिबी पोचत नाहीत, आणि घोडा दचकला तर धरायला काही उरत नाही. अशा वेळी मोतद्दाराने लगाम हातातून सोडूच नये, आणि शक्य तर मुलासाठी लहान तट्टू ठेवावं.

खोगिरातही जागा हवी. माणूस बसल्यावर त्याच्या मागे चार बोटं जागा उरली पाहिजे. तो खोगिराच्या मागच्या कडेवरच बसत असेल तर सगळं वजन कमरेवर जातं. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे बरगड्यांचा आधार संपतो. माणूस मोठा म्हणून खोगीर मोठं, आणि खोगीर मोठं म्हणून ते कमरेवर, असं करू नका.

मानेच्या मुळाशी जो उंचवटा सांगितला, त्यावर खोगिराची कमान टेकता कामा नये. स्वार बसलेला असताना तिथे दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. ही केवळ सोय नाही, कायदा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत हे लिहिलेलं आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो, गाढवाची ५० आणि खेचराची २०० किलो दिली आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असंही त्यात आहे. काटेरी लगामाला मनाई आहे.

मर्यादा कधी खाली आणावी?

पाचवा हिस्सा हा धडधाकट जनावराचा आहे. पुढच्या गोष्टी असतील तर तो आणखी कमी करा.

एक, वय. घोड्याचे समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. कडेचे दात बदलेपर्यंत जनावर अजून वाढीचं आहे, कणा पक्का झालेला नाही, असं समजा. अंगाने मोठं दिसतं म्हणून पुरं ओझं घालू नका. म्हाताऱ्या जनावरालाही हीच दया दाखवा.

दोन, अंगलट. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. रोडावलेल्या घोड्याचं वजन कमी, म्हणजे पाचवा हिस्साही कमी, आणि कण्यावर मांसाची गादी नाही. सुटलेल्या घोड्याचीही ताकद चरबीने वाढत नाही.

तीन, जमीन. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि तेच ओझं दुप्पट वाटतं. किनाऱ्यावर फेरी मारायची तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवरून मारा.

चार, हवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. फेऱ्या सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर ठेवा.

पाच, स्वार. सवयीचा स्वार घोड्याच्या चालीबरोबर हलतो. नवखा माणूस दुडक्या चालीत पोत्यासारखा आपटतो. नवख्याला पायचालीनेच न्या. आणि एका घोड्यावर दोन माणसं कधीही नकोत, मग एक पोर का असेना.

कुणी म्हणेल, "मराठ्यांची फौज तर तट्टांवरच फिरली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तो काय थोराड घोड्यांवर?" बरोबर आहे. आपलं दख्खनचं भीमथडी तट्टू लहान पण काटक. २०२३-२४ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून शासकीय मान्यताही मिळाली. पण त्या फौजेची ख्याती होती ती हलक्या सामानाची. भरजरी झूल आणि पुढ्यात करवला घेऊन ते घोडे दौडत नव्हते.

घोडा स्वतःच सांगतो

काम झाल्यावर खोगीर काढा आणि पाठ बघा. घाम दोन्ही अंगांना सारखा पसरलेला हवा. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग असेल तर तिथे फार दाब पडतो आहे. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं दाबत न्या. जनावर पाठ खाली घालतं, कान पाडतं, शेपूट झटकतं, म्हणजे दुखतं आहे. तंग आवळताना चावायला येणारा घोडा खोडकर असेलच असं नाही, बहुधा त्याची पाठ दुखत असते. विसाव्याला नाडी मिनिटाला तीस ते चाळीस असते. काम थांबवून दहा-पंधरा मिनिटं झाली तरी ती साठाच्या खाली येत नसेल, तर त्या दिवसाचं काम तिथेच संपवा. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांना लागते.

सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा इतर कुठून घोडा घेणार असाल, तर झूल काढायला लावा. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर पाठ पूर्वी लागून गेलेली आहे. हे लक्षात घेऊन मगच भाव ठरवा.

पाठ लागलीच तर हळद-तेल लावून वर खोगीर घालू नका. जखम भरेपर्यंत पाठ उघडी ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि तो जीवघेणा असतो, म्हणून धनुर्वाताची लस आधीच टोचून घ्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा

सुतळीने घोडा मोजा, काट्यावर सामान तोला. माणूस आणि सामान मिळून पाचवा हिस्सा. टाच पोटाच्या रेषेला, मागे चार बोटं जागा, पुढे उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी. एक घोडा, एक स्वार. काम झाल्यावर पाठीवर हात फिरवल्याशिवाय चंदी घालू नका.

येत्या लग्नसराईची पहिली सुपारी घेण्याआधी एवढं एक काम करा. आपल्या जनावराचा भार किती ते काढा, आणि तो आकडा तबेल्याच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. गिऱ्हाईक आलं की आधी त्या आकड्याकडे बघा, मगच हो म्हणा.