जबडा, विष आणि नाइट शिफ्ट

आज पाहुणा नाहीये, मी एकटाच आहे. विषय माझाच आहे म्हणून.

शिरवळ एमआयडीसीत नाइट शिफ्ट करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल बघा. सकाळी रूमवर येऊन झोपायचं आणि दुपारी उठलं की कान दुखतोय, कानशिलं ठणकतायत, जांभई दिली की कानापाशी 'कट्' आवाज येतोय. मी आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान स्वच्छ. मग दातांच्या एका दवाखान्यात गेलो, तिथे अक्कलदाढ काढायला सांगितली. काढली. दुखणं तसंच. पैसे गेले ते वेगळंच.

तिसऱ्या डॉक्टर मॅडमनी काय केलं, ते तुम्हीही ऐकता ऐकता करून बघा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतंय तो जबड्याचा सांधा. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. मग त्यांनी माझा गाल दाबला, दात आवळल्यावर जिथे टणक गोळा येतो ना, तिथे. मी खुर्चीतून उठलोच! मॅडम म्हणाल्या, सांध्याला फारसं काही झालेलं नाही, हा स्नायू दमलाय. झोपेत तू दात आवळतोस.

या स्नायूचं नाव मॅसेटर. रात्रभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखेलच की. तेच गालात चाललं होतं.

आधी साधे उपाय झाले. गरम शेक, थोडे दिवस गोळ्या, दातांचं माप घेऊन केलेला नाइट गार्ड, आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकलेले ठेवायची सवय. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. माझं अर्धंच भागलं. तेव्हा इंजेक्शनचा विषय निघाला. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे आपलं ते बोटॉक्स.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "सुरकुत्या घालवायचं ते? अन् विष असतं म्हणं ते!"

आईचं खरं होतं. विषच आहे ते. जर्मनीत जुस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने 1820 च्या सुमारास खराब सॉसेज खाऊन लुळी पडणारी माणसं बघून त्यावर लिहिलं. लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, नाव तिथून आलं. पुढे 1895 मध्ये बेल्जियममध्ये अंत्यसंस्काराच्या जेवणातलं हॅम खाऊन लोक दगावले, त्या प्रकरणात व्हॅन एर्मेंगेम यांना तो जिवाणू सापडला. हेच विष अगदी सूक्ष्म मात्रेत औषध म्हणून वापरतात. 1989 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकड्यांसाठी. सुरकुत्यांची पाळी आली 2002 मध्ये.

आमच्या शिरवळला गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथे शिकणारा एक मित्र म्हणाला, "अरे, धनुर्वाताचा जिवाणू याचा सख्खा भाऊ." हे मला भारी वाटलं. दोघेही क्लोस्ट्रिडियम. धनुर्वातात स्नायूला 'सैल हो' सांगणारी यंत्रणा बंद पडते, म्हणून दातखीळ बसते. बोट्युलिनम उलट करतं. नसेतून स्नायूला जाणारा 'आवळ' हा निरोपच अडवतं. एक भाऊ जबडा कुलूपबंद करतो, दुसरा सैल सोडतो.

दोन्ही गालांत बारीक सुईने काही ठिकाणी टोचलं. डास चावल्यापेक्षा थोडं जास्त, बस. त्याच दिवशी फरक पडत नाही. मला आठवड्यानंतर जाणवला. ऊस सोडाच, भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खायची वेळ आली, कारण चावायची ताकदच कमी झाली. पण कानशिलं थांबली. किती महिन्यांनी दुपारी डोकं न धरता उठलो, सांगता येत नाही.

आता नीट ऐका. जबड्याच्या दुखण्यासाठी या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएचीही खास मान्यता नाही, डॉक्टर आपल्या निर्णयाने वापरतात. अभ्यासांचे निकालही मिश्र आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत नुसत्या सलाईनच्या सुईपेक्षा फार वेगळं काही नाही. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. चुकीच्या जागी गेलं तर हसू वाकडं होऊ शकतं. सशांवरच्या प्रयोगांत जबड्याचं हाड विरळ झालेलं दिसलंय, त्यामुळे वरचेवर घ्यायचं तर विचारूनच. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर ते आधीच सांगा. आणि रीलमध्ये 'जॉलाइन बारीक करा' म्हणत पार्लरमध्ये टोचतात ना, तिथे जाऊ नका राव.

अजून एक, हे आपल्याकडचं. तोंड उघडत नसेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, आणि गुटखा-मावा खात असाल, तर टीएमजे-बिएमजे शोधत बसू नका. मावा खाऊन गालाच्या आतली कातडी आखडते, तो आजार वेगळा, आणि तो कॅन्सरकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण टपऱ्यांवर काय मिळतं ते तुम्हाला माहितीये. अशा वेळी थेट डेंटल कॉलेज गाठा. शिरवळहून पुण्याकडे गेलात तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, इकडे कराडला कृष्णाचं.

माझं म्हणाल तर चौथ्या महिन्यात थोडं दुखणं परत आलं. दुसरं इंजेक्शन अजून घेतलेलं नाही. त्या तीन महिन्यांत दिवसा दात आवळायची सवय बरीच सुटली, आणि सुपरवायझरला सांगून सलग नाइट लावणं बंद करून घेतलं. मॅडम म्हणाल्या, दोन महिने बघू. गार्ड मात्र रोज लावतो. रूममेट म्हणतो, बॉक्सर झोपलाय.

चला, आज सेकंड शिफ्ट आहे, निघतो. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेतो.