अपेक्षाभंग : हिशेब कोठे चुकतो?

(देहूरोड येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



देहूरोडच्या आसपास एकाच घरात एक भाऊ कारखान्यात, तर दुसरा भातखाचरात असतो. एकाचा पगार ठरलेला, दुसऱ्याजवळ फक्त अपेक्षा. म्हणून आज अपेक्षाभंगाविषयी बोलणार आहे.

नुकसान आणि अपेक्षाभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीक गेले, हे नुकसान. मनात धरलेला आकडा हाती आला नाही, हा अपेक्षाभंग. बारा पोती भात घरात येऊनही माणूस खिन्न बसतो, कारण त्याने अठरा धरलेली असतात.

हे मला मावळातील एका शेतकऱ्याने शिकविले. त्यांच्या खाचरात इंद्रायणी भात उभा होता. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा हा वाण १९८७ साली प्रसारित झाला. पीक पाहून मी बांधावरूनच उताऱ्याचा आकडा सांगून टाकला. त्या आकड्यावर त्यांनी मुलीच्या लग्नासाठी हातउसने पैसे घेतले. कापणी झाली, पेंढ्या वाळत पडल्या आणि परतीचा पाऊस आला. मी सांत्वनाला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पाऊस काही बोलला नव्हता. तुम्ही बोलला होता." मला उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून मी एक आकडा सांगत नाही, तीन सांगतो : हंगाम चांगला गेला तर किती, मध्यम गेला तर किती आणि बिघडला तर किती. आपणही वहीत हे तीन आकडे लिहावेत. उसनवारी व घरखर्च सर्वांत खालच्या आकड्यावर बेतावा. वरचे जे येईल ते शिल्लक समजावे.

दुसरी गोष्ट, आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करावे. पाऊस व बाजारभाव हाताबाहेर आहेत. परंतु सर्व खाचरांची रोपे एकाच दिवशी न टाकता थोड्या अंतराने टाकणे, कापणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी काढून देणे, कापलेल्या पेंढ्या शेतात पडू न देता लवकर झोडणे, हे आपल्या हातात आहे. हातातले केलेले असले, म्हणजे मन स्वतःला दोष देत नाही.

शेजारच्या देहूचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकाराम महाराजांची पत्नी व मुलगा गेले, व्यापार बुडाला. परंपरा सांगते, की पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. येणे असलेली माणसेही त्याच दुष्काळाने पोळलेली होती. आपल्या अपेक्षेपायी दुसऱ्याला नाडायचे नाही, एवढा बोध आपण त्यातून घेऊ शकतो.

अपेक्षाभंग झाला तर तो मनात कोंडू नका. घरात आकडा मोकळेपणाने सांगा, घरधनिणीलाही हिशेबात घ्या. मात्र झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटू लागले, तर तो साधा अपेक्षाभंग राहिलेला नाही. अशा वेळी टेली-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. त्यात कमीपणा नाही.

त्या शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा रोप टाकले. मला बांधावर बोलावून म्हणाले, "आता तीन आकडे सांगा."