केसपेपर मिळाला, डॉक्टर कोठे आहे?

(माझगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



माझगावात आरोग्यसेवेच्या अभावावर बोलणे म्हणजे समुद्राकाठी उभे राहून पाण्याच्या टंचाईवर बोलण्यासारखे आहे. येथून हाकेच्या अंतरावर भायखळ्याला जे. जे. रुग्णालय १८४५ पासून उभे आहे. थोडे पलीकडे नायर, परळला के. ई. एम. असे असूनही आपल्या चाळीतील चाळिशी ओलांडलेल्या माणसाला विचारा, 'तुमचा डॉक्टर कोण?' तो रुग्णालयाचे नाव सांगेल, डॉक्टरचे सांगू शकणार नाही. मला आज जे सांगायचे आहे ते या एका फरकात सामावलेले आहे.

माझेच उदाहरण देतो. निवृत्तीनंतर मला रक्तदाबाचा विकार निघाला. एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मी वर्षभर खेपा घातल्या. दर खेपेस टेबलापलीकडे नवा तरुण डॉक्टर असे. सर्वांनी सौजन्याने वागवले, सर्वांनी पहिल्यापासून विचारपूस केली आणि सर्वांनी तीच गोळी लिहून दिली. माझे वडील पक्षाघाताने गेले, हे मी प्रत्येकाला सांगितले. केसपेपरवर ते कोणीच नोंदवले नाही. मला निवृत्तिवेतन होते, वेळ होता, म्हणून मी टिकलो. रांगेत ओळख झालेला गोदीतील एक रोजंदार कामगार तिसऱ्या खेपेनंतर यायचा थांबला. पुढे तो रस्त्यात भेटला, तेव्हा त्याचा उजवा हात लुळा पडला होता.

यात त्या तरुण डॉक्टरांचा दोष नाही. दोष रचनेचा आहे. मोठे रुग्णालय आजारी पडलेल्याची वाट पाहते. प्रतिबंधक वैद्यकाला निरोगी माणसाला बोलवावे लागते. रक्तदाब दुखत नाही, मधुमेह आरंभी बोलत नाही. तपासणी फुकट असली, तरी तिच्यासाठी एक दिवसाचा रोज बुडतो. न दुखणाऱ्या आजारासाठी हातातला रोज कोण बुडवील? त्या कामगाराला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा हिशेब मांडून पाहावा. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही. त्यामुळे हा व्यवहार विश्वासावर चालतो. आणि विश्वास इमारतीवर बसत नाही, माणसावर बसतो.

याचा धडा या परिसराने एकदा घेतलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात शेजारच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने घरे तपासली, माणसे बळाने वेगळी केली. परिणामी लोक रोगी लपवू लागले आणि शहर सोडून पळाले. याउलट हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले. प्रतिबंधाचे काम हुकमाने होत नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

मग आपल्याकडे 'माझा डॉक्टर' ही व्यवस्था कधी नव्हतीच काय? होती. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याखाली गिरणी कामगाराचे नाव वस्तीतल्याच एखाद्या पॅनेल डॉक्टरकडे नोंदलेले असे. त्या डॉक्टरला नोंदलेल्या माणसामागे मोबदला मिळे. म्हणजे कामगार वारंवार आजारी पडण्यात त्याचा लाभ नव्हता. या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. दाखल्यापुरते डॉक्टर आणि हलक्या औषधांच्या तक्रारी परळ-लालबागला सर्वांनी ऐकल्या आहेत. परंतु तत्त्व योग्य होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले. पगार गेल्याचे दुःख आपण मांडले. डॉक्टर गेल्याची नोंद आपणही घेतली नाही.

आज महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. म्हणजे हात लुळा पडल्यावर. महापालिकेने २०२२ पासून 'आपला दवाखाना' केंद्रे उघडली, याचे स्वागत केले पाहिजे. मात्र तेथेही आपली मागणी केवळ आणखी केंद्रांची नसावी. प्रत्येक कुटुंबाचे नाव एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदले जावे. तो डॉक्टर वर्षानुवर्षे तेथे राहील अशी कायम नेमणूक असावी. तिशीपुढच्या प्रत्येकाला रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी बोलावणे जावे, तेही रोज बुडणार नाही अशा वेळी. आणि जो आला नाही, त्याची चौकशी व्हावी.

निवेदन देऊन आपले काम संपत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या चाळीपुरती एक वही घालावी. जे संमती देतील त्यांचीच नावे त्यात असावीत. आजाराचे नाव लिहू नये. मागील तपासणी केव्हा झाली आणि पुढची केव्हा, एवढेच पुरे. तारीख टळली की कार्यकर्त्याने दार वाजवावे. मतदारयादी घेऊन आपण प्रत्येक जिना चढतो. ही वही घेऊनही चढू. गोदीतल्या त्या माणसाचे दार वेळीच कोणी वाजवले असते, तर आज तो कामावर असता.