अवघड जागीचे दुखणे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भोंडल्याची गाणी सोडली तर चारचौघींत तोंड उघडायचा प्रसंग मला कधी आला नाही. पण गेल्या हळदीकुंकवाला आमच्या मोत्याची चौकशी इतक्या जणींनी केली, की चिटणीसबाई म्हणाल्या, "सगळ्यांना एकदाच सांगून टाका." विषय सभेत बोलण्यासारखा नाही असे कुणाला वाटेल. अवघड जागी दुखणे नि जावई वैद्य, अशातली गत. पण कुत्रे घरात कुणीही आणो, त्याची ही कामे शेवटी बाईच्याच गळ्यात येतात. मग लाजून कसे भागेल?

मोत्या गावठी कुत्रा, अठरा किलोचा. दोन वर्षांपूर्वी तो बसल्या बसल्या मागचा भाग जमिनीला घासत पुढे सरकू लागला. मुले हसत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जंत झालेत." जंतांनीही असे होते, ते खोटे नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर चपटे जंत समजावेत, आणि पिसवांचाही बंदोबस्त करावा, कारण हे जंत बहुधा पिसवांमार्फतच येतात. मोत्याचे तसे नव्हते. तो सारखा शेपटीखाली चाटी, बसता बसता दचकून उठे, आणि बसल्या जागी सडक्या मासळीसारखा वास राही. आमच्या खोल्या दोन, आणि सासूबाईंचे देव त्यांतल्याच एकीत.

तेव्हा ह्यांचे काम निम्म्यावर आले होते. एका खाजगी दवाखान्यात नुसत्या तपासणीचे नि पिशव्या रिकाम्या करण्याचे आठशे रुपये सांगितले, वर "दर महिन्याला आणा" म्हणाले. घरी येऊन हे म्हणाले, "बाजाराच्या आवारात सोडून येतो, तिथे खायला तरी मिळेल." रागाने म्हणाले नाहीत, हिशेबाने म्हणाले. थोरला पुस्तकात मान घालून बसला. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. पाळलेले जनावर असे हाल होतील तिथे सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मला मागाहून कळले.

दुसऱ्या दिवशी मोत्याला तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. पुष्कळ जणींना वाटते तिथे फक्त गाई-म्हशी बघतात. तसे नाही, कुत्र्यामांजरांनाही बघतात आणि फी नाममात्र असते. डॉक्टरांनी मला समजेल असे सांगितले. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, जरा खाली, कातडीच्या आत दोन लहान पिशव्या असतात. घड्याळात चार आणि आठ वाजता काटा जिथे असतो, साधारण तिथे. त्यांत घाण वासाचा पाझर साठतो. शौच घट्ट असले म्हणजे बाहेर पडताना दाब बसून पिशव्या आपोआप रिकाम्या होतात. शौच सारखे पातळ, अंग फार सुटलेले, किंवा कातडीला खाजेचा विकार, असे काही असले की पाझर आत तुंबतो. मग पू, मग गळू, आणि गळू फुटले की खर्चही वाढतो नि जिवाचे हालही.

त्यांनी हातमोजा घालून पिशव्या रिकाम्या केल्या. मी म्हटले, मला शिकवा. त्यांनी दाखवले, पण बजावले की चांगल्या कुत्र्याच्या पिशव्या उगाच दाबायच्या नाहीत, त्यानेच सूज येते. दुखरे, लाल किंवा सुजलेले असेल तर घरी मुळीच हात लावायचा नाही. तेव्हा 'दर महिन्याला आणा' ह्याची गरज नव्हती. आंघोळीबरोबर दर खेपेला पिशव्या दाबून देणारे लोक असतात, त्यांनाही नको म्हणावे.

खरा इलाज निघाला आमच्या स्वयंपाकघरात. मोत्याला रोज दूध-चपाती मिळे, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. दूध बंद केले. भाकरी, उकडलेले अंडे किंवा थोडे चिकन, आणि त्यात दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर नाहीच, तो कुत्र्याला विषासारखा. भोपळ्याने भागेना तेव्हा डॉक्टरांना विचारून साधा इसबगोल, अर्धा लहान चमचा, भरपूर पाण्यात भिजवून. सकाळ-संध्याकाळ चालणे वाढवले. पंधरा दिवसांत शौच बांधून होऊ लागले नि घासणे थांबले. दुधाचे पैसे वाचले ते वेगळेच!

पुढच्या पावसाळ्यात मात्र एका बाजूला गोटीएवढी सूज आली. मी त्याच दिवशी नेले. औषधाच्या गोळ्या दिल्या, त्या सांगितले तितके दिवस पुऱ्या केल्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्या नाहीत. कोमट पाण्यात फडके पिळून, आधी आपल्या मनगटावर बघून, पाच-दहा मिनिटे शेक, दिवसातून दोनदा. चाटू नये म्हणून गळ्यात घालायचे विकतचे भोंगे महाग वाटले. फुटक्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापला, कडेला जुने फडके शिवले आणि पट्ट्याला बांधले. दोन दिवस तो रुसून बसला.

आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयब्रूफेन अशी दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका, जीव जाऊ शकतो. बाम, तिखट लेपही नकोत. रक्त, पू, सूज दिसली, शौचाला कुंथू लागला किंवा जेवण सोडले, तर भोपळ्याची वाट पाहायची नाही. तिथे घरचा इलाज संपला. दुखऱ्या जागी हात लावला की शहाणे कुत्रेही चावते, म्हणून रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. आणि चावलेच, तर जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठावे.

ज्यांची माणसे मुंबईला आहेत त्यांनी परळचे जनावरांचे इस्पितळ सांगून ठेवावे. तिथेच १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

सासूबाई आता मोत्याचा भोपळा स्वतः उकडतात. येत्या शनिवारी मी त्याला लशीसाठी नेणार आहे. आपल्या गल्लीत आणखी तीन कुत्री आहेत. दोघी-तिघी निघालात तर टेम्पोचे भाडे वाटून घेऊ. सकाळी आठला माझ्या दारी या, आणि पट्टा व जुनी चादर बरोबर आणा.