सोने गंजत नाही, तरी पारखून घ्या



पावसाळ्यात कुदळ अंगणात राहिली तर काय होते? चार-आठ दिवसांत तिच्यावर गंज चढतो. पण घरच्या लक्ष्मीच्या गळ्यातले डोरले पाहा. घाम लागो, पाणी लागो, ते पिवळेधमक राहते. असे का बरे?

हवेत प्राणवायू असतो. ओल मिळाली की लोखंड त्या प्राणवायूशी मिसळते. त्याचा तांबूस भुगा होतो. तोच गंज. तो गळून पडतो, आतले लोखंड उघडे पडते, ते पुन्हा गंजते. जस्तावरही थर चढतो, पण तो घट्ट बसतो आणि आतला धातू राखतो. म्हणून घरावरच्या लोखंडी पत्र्याला जस्ताचा मुलामा देतात. सोन्याचे मात्र निराळेच. ते हवेशी नि पाण्याशी सोयरीकच करीत नाही. म्हणून नदीच्या वाळूतसुद्धा सोन्याचे कण सोन्याच्याच रूपात सापडतात.

पण मंडळी, इथेच माणूस फसतो. मीही फसलो. मुलीच्या लग्नात २० ग्रॅमच्या, म्हणजे आजच्या दोन तोळ्यांच्या, पाटल्या केल्या. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, बावीस कॅरटचं सोनं आहे." पुढे तिच्या घरी मोठे दुखणे आले. पाटल्या मोडायला नेल्या, तर सोने निघाले १८ कॅरट!

मी म्हटले, "अहो, या कधी काळ्या पडल्या नाहीत!"

तपासणारा म्हणाला, "गुरुजी, चारांतले तीन हिस्से सोनं असलं, की आतलं तांबंही सहसा काळं पडत नाही. चकाकीवरून कस कळत नाही."

चोख सोने २४ कॅरटचे. ते फार मऊ. दागिना टिकावा म्हणून त्यात तांबे, चांदी घालतात. २२ कॅरट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. १८ कॅरट म्हणजे ७५० भाग. माझ्या पाटल्यांत १८.३२ ग्रॅम सोने हवे होते. निघाले १५ ग्रॅम. सव्वातीन ग्रॅमहून जास्त सोन्याचे पैसे पाण्यात गेले, तेही ऐन अडचणीत.

आता यावर उपाय आहे. त्याचे नाव हॉलमार्क. आपल्या देशात सोन्यासाठी ही खूण २००० साली सुरू झाली. २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. दुकानात भिंग मागा आणि दागिन्यावर तीन गोष्टी पाहा. पहिली, भारतीय मानक ब्यूरोची त्रिकोणी खूण. दुसरी, कॅरटचा आकडा आणि त्याच्यापुढे ९१६ किंवा ७५०. तिसरी, सहा अक्षरे-आकड्यांचा क्रमांक. हे सारे इंग्रजीत असते. इंग्रजी आकडे येत नसतील तर घरातल्या शाळकरी मुलाला संगे न्या. त्यात लाज कसली? पावतीवर वजन आणि कॅरट लिहून घ्या, आणि ती जपून ठेवा.

मी जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. पण त्या दिवशी भिडेपोटी पावती मागितली नाही. तुम्ही आता वाचू लागला आहात. दुकानातही वाचा. भीड धरू नका.