आखूड वाक्यांची वाट



हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांत माणूस मांजरांशी बोलतो, कोरड्या विहिरीच्या तळातून दुसऱ्याच जगात जातो. आज बोलायचे आहे ते त्यांच्या पहिल्या दोन लहान कादंबऱ्यांविषयी. जपानीत त्या १९७९ आणि १९८० साली निघाल्या. पण इंग्रजीतून जगभर पोचायला २०१५ साल उजाडले. त्यामुळे आम्हां वाचकांच्या हाती थोरली पुस्तके आधी आणि ही धाकटी मागाहून आली.

पहिलीचे नाव मराठीत सांगायचे तर 'वाऱ्याचे गाणे ऐक'. आम्हां वर्सोव्याच्या मंडळींना हे नाव सांगावे लागत नाही! कथाही समुद्रकाठच्या गावातली. १९७० चा ऑगस्ट महिना, सुट्टीत घरी आलेला विद्यार्थी, 'उंदीर' या टोपणनावाचा त्याचा मित्र, आणि अवघे अठरा दिवस. दुसरीत नवल सुरू होते. टेलिफोनची एक जुनी पेटी निकामी होते, तेव्हा नायक आणि दोघी जुळ्या बहिणी जलाशयावर जाऊन तिला अखेरचा निरोप देतात. हसू येते खरे. पण खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्याला हे परके का वाटावे?

शिक्षकबंधूंना सांगायचे ते पुढेच आहे. मुराकामी तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. टोकियोत जॅझ संगीत ऐकविणारे छोटे कॅफे चालवीत आणि रात्री काम आटोपले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत. पहिला खर्डा त्यांना स्वतःलाच नीरस वाटला. मग त्यांनी सुरुवात इंग्रजीत लिहून पाहिली. इंग्रजी बेताचे, शब्द थोडे. म्हणून वाक्ये आपोआप आखूड झाली. तीच त्यांनी पुन्हा जपानीत आणली, आणि त्यांना स्वतःची भाषा सापडली.

आमच्या कॉलेजात खेड्यांतून मुले येतात. निबंधात मार्गदर्शकातली जड वाक्ये उतरवितात आणि घरची बोली लाजेने झाकतात. शब्द थोडे असणे हे दारिद्र्य नव्हे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. त्यांना इंग्रजीचा वळसाही नको. 'विहीर आटली तो दिवस' असा विषय द्या, दहाच वाक्ये मागा, आणि शब्द मात्र आईशी बोलतो तेच असू द्या. मग वही तपासताना लाल पेन्सिल जरा बाजूला ठेवा. पहिल्याच पानावर एखाद्या मुलाला आपला आवाज सापडेल.